इमारतीचे संगणकीय प्रारूप आणि खर्चाचे अंदाजपत्रक : माहितीची देवाणघेवाण कशी होते?



रुग्णालयाच्या नियोजित विस्तारित इमारतीचा विषय विश्वस्त मंडळापुढे आल्यापासून अनेक देणगीदार आम्हांस एक प्रश्न आवर्जून विचारतात. इमारतीची पहिली वीटही रचली गेलेली नसताना तिच्या खर्चाचा आकडा आपण कोणत्या आधारावर सांगता, आणि तो पुढे किती बदलेल? प्रश्न रास्त आहे. वास्तुविशारद आता इमारतीचे संगणकीय प्रारूप तयार करतात व त्यातील मापे अंदाजपत्रकाच्या प्रणालीकडे पाठविली जातात, एवढे उत्तर ऐकून पुष्कळांचे समाधान होते. वस्तुतः विचारण्याजोगे प्रश्न तेथूनच सुरू होतात. एका प्रणालीतील माहिती दुसरीत जाताना तिच्यातील काय टिकते, काय गळते आणि कोणत्या अटींवर ती विश्वासार्ह ठरते, हे साध्या भाषेत मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे. आम्ही अभियंते नव्हे, हिशेब सांभाळणारी माणसे आहोत. त्यामुळे हा विषय आम्ही हिशेबाच्या अंगानेच समजून घेतला व त्याच अंगाने आपणांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय वार्षिक अहवालात कशासाठी?

धर्मादाय रुग्णालयाच्या निधीला ठरलेल्या वाटा असतात. कायम निधीसाठी आलेली देणगी त्याच कारणासाठी राखावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. हा निधी बांधकामाकडे वळविता येत नाही आणि वळविता येऊही नये. मग बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला तर भरपाई कोठून करावयाची? यंत्रसामग्रीच्या तरतुदीतून, एखादा मजला अपुरा ठेवून किंवा नवे कर्ज काढून. तिन्ही वाटांचा भार शेवटी रुग्णांवरच येतो.

या हानीचे मोजमाप अमेरिकेत झाले आहे. तेथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २००४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. निरनिराळ्या संगणक-प्रणालींत माहितीची नीट देवाणघेवाण न झाल्यामुळे अमेरिकेच्या मोठ्या इमारती व औद्योगिक सुविधांच्या क्षेत्राला २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला, असा त्यातील अंदाज आहे. वास्तुविशारद व अभियंते यांच्या वाट्याला त्यातील १.२ अब्ज, मुख्य कंत्राटदारांच्या वाट्याला १.८ अब्ज, तर विशेष कामांचे कंत्राटदार व पुरवठादार यांच्या वाट्याला २.२ अब्ज डॉलर आले. उरलेले १०.६ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश भार, इमारतींच्या मालकांनी व त्या चालविणाऱ्यांनी सोसला. प्रणाली वापरणारे एक आणि तिच्यातील दोषांची किंमत मोजणारे प्रामुख्याने दुसरे, अशी ही स्थिती आहे. रुग्णालय या दुसऱ्या बाजूला असते. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक समजून बाजूस सारता येत नाही.

रेषांचे नकाशे आणि घटकांचे प्रारूप

पूर्वी नकाशा म्हणजे रेषांचा समूह असे. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आल्यावर त्या रेषा हळूहळू कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेल्या, तरी त्या रेषाच राहिल्या. दोन समांतर रेषा म्हणजे भिंत, हे पाहणाऱ्याला कळे. संगणकाला कळत नसे. अंदाजपत्रक करणारा अभियंता नकाशावरून मापे घेई आणि नग, लांबी, रुंदी, उंची व परिमाण अशा रकान्यांत ती हाताने भरी. नकाशा बदलला की ही मेहनत पुन्हा करावी लागे.

नव्या पद्धतीत संगणकाला रेषेऐवजी घटक सांगितला जातो. ही भिंत आहे, तिची जाडी इतकी, ती विटांची आहे, ती दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिच्यात हा दरवाजा बसविला आहे, अशी माहिती प्रत्येक घटकासोबत राहते. या विचाराची मुळे जुनी आहेत. अमेरिकेतील चक ईस्टमन यांनी १९७५ साली अशा इमारत-वर्णन प्रणालीची कल्पना मांडली. हंगेरीतील ग्राफीसॉफ्ट या कंपनीने १९८० च्या दशकात आर्किकॅड ही प्रणाली विकसित केली. रेव्हिट ही प्रणाली २००० साली आली व २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने तिची निर्माती कंपनी विकत घेतली. या पद्धतीला अभियंते 'बिम' म्हणतात. या लेखात आपण तिला 'प्रारूप' म्हणू.

रोजकीर्द आणि खतावणी यांत जो फरक, तोच रेषांचा नकाशा आणि प्रारूप यांत आहे. रोजकीर्दीत नोंदी क्रमाने लिहिलेल्या असतात, पण एखाद्या खात्याची बाकी हवी असेल तर सर्व पाने चाळावी लागतात. खतावणीत प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात गेलेली असते, म्हणून बाकी तत्काळ निघते. दुसऱ्या मजल्यावर वीटकाम किती, या प्रश्नाचे उत्तर प्रारूप असेच तत्काळ देऊ शकते. मात्र खतावणीत नोंद चुकीच्या खात्यात गेली तर बाकीही तितक्याच तत्परतेने चुकीची निघते, हे हिशेबनिसाला वेगळे सांगावे लागत नाही.

परिमाण एकीकडे, दर दुसरीकडे

अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळ हा एक साधा गुणाकार असतो : परिमाण गुणिले दर. प्रारूपाला परिमाण ठाऊक असते. दर मात्र त्याबाहेर असतो. आपल्या राज्यात सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दिल्ली दरसूची किंवा बाजारातून मागविलेली दरपत्रके यांतून तो घेतला जातो. दरात साहित्य, मजुरी, वाहतूक, वाया जाणारे साहित्य आणि कंत्राटदाराचा नफा असे अनेक अंश असतात. वस्तू व सेवा कर त्या दरात धरला आहे की वेगळा, हेही पाहावे लागते.

म्हणजे प्रारूपाने परिमाण द्यावयाचे, अंदाजपत्रक-प्रणालीने दर जोडावयाचा आणि दोघांनी मिळून खर्च सांगावयाचा, अशी ही विभागणी आहे. ती जोडणारा दुवा किती पक्का आहे, यावर खर्चाच्या आकड्याची विश्वासार्हता ठरते.

येथे एककांचाही प्रश्न असतो. प्रारूप घनमीटर किंवा चौरस मीटर या एककांत उत्तर देते. आपल्याकडे वाळू, मुरूम व खडी यांचा व्यवहार आजही ब्रासने होतो आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. गिलावा व रंगकाम यांसाठी ब्रास म्हटले की १०० चौरस फूट समजावयाचे. एकाच शब्दाची ही दोन मापे माणसाला संदर्भाने कळतात. संगणकाला ती स्वतंत्रपणे सांगून ठेवावी लागतात.

माहिती नेण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग तक्त्याचा. प्रारूपातून भिंती, दरवाजे, खांब, तुळया यांच्या याद्या काढावयाच्या आणि त्या एक्सेलच्या तक्त्यात उतरवून दर लावावयाचे. हा मार्ग स्वस्त व सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र तक्ता काढला त्या क्षणी त्याचा प्रारूपाशी संबंध तुटतो. पुढे प्रारूपात खिडकी वाढली तरी तक्त्याला त्याचा पत्ता नसतो. बँकेचे उताऱ्याचे पान एकदा छापून घ्यावे आणि वर्षभर त्यावरूनच शिल्लक सांगत राहावे, तसा हा प्रकार होतो.

दुसरा मार्ग थेट जोडणीचा. अंदाजपत्रक-प्रणालीचा एक छोटा जोड-कार्यक्रम प्रारूपाच्या प्रणालीतच बसविला जातो आणि तो घटकांची माहिती थेट उचलतो. बदल लवकर पोहोचतात, प्रारूपातील कोणत्या भिंतीमुळे कोणती रक्कम आली हे पडद्यावर दाखविता येते. परंतु ही जोडणी दोन विशिष्ट कंपन्यांच्या विशिष्ट आवृत्त्यांवर अवलंबून असते. त्यांपैकी एकीने आवृत्ती बदलली की जोडणी पुन्हा तपासावी लागते. वास्तुविशारद एक प्रणाली व संरचना अभियंता दुसरी प्रणाली वापरत असेल, तर हा मार्ग अपुरा पडतो.

तिसरा मार्ग सामाईक, खुल्या स्वरूपाचा. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत काही कंपन्यांनी एकत्र येऊन कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले माहिती-स्वरूप ठरविण्याचे काम हाती घेतले. त्यातून 'आयएफसी' हे स्वरूप तयार झाले. ते सांभाळणारी संस्था आज बिल्डिंगस्मार्ट या नावाने ओळखली जाते. हे स्वरूप २०१३ मध्ये 'आयएसओ १६७३९' हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या बँकांचे धनादेश एकाच समाशोधन व्यवस्थेत वटावेत म्हणून धनादेशाचा आकार व त्यावरील अंकांची जागा ठरवून दिलेली असते. आयएफसीचे कामही त्याच जातीचे आहे. कॉस्टएक्ससारख्या अंदाजपत्रक-प्रणाली हे स्वरूप वाचतात.

या तिसऱ्या मार्गातही एक सूक्ष्म बाब आहे. आयएफसीत घटकाचा आकार एका जागी व त्याची मोजलेली परिमाणे दुसऱ्या जागी नोंदविण्याची सोय आहे. भिंतीसाठी ढोबळ क्षेत्रफळ, निव्वळ क्षेत्रफळ, ढोबळ घनफळ, निव्वळ घनफळ असे वेगळे रकाने असतात. ही परिमाणे बाहेर पाठविण्याचा पर्याय वास्तुविशारदाने निवडलेला नसेल, तर फाइल उघडते, चित्र उत्तम दिसते आणि परिमाणांचे रकाने रिकामे निघतात. मग अंदाजपत्रक-प्रणाली आकारावरून स्वतःच मोजमाप करते आणि ते तिच्या स्वतःच्या रीतीने करते.

मोजण्याचा नियम कोणाचा?

या संपूर्ण विषयातील कळीचा मुद्दा येथे आहे. तो समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

रुग्णाची ट्रॉली जावी म्हणून वॉर्डाच्या दरवाजाचे माप १.२ मीटर रुंद व २.१ मीटर उंच धरू. त्याचे क्षेत्रफळ २.५२ चौरस मीटर झाले. भिंतीला दोन्ही अंगांनी सारखाच गिलावा आहे. संगणक भूमितीने विचार करतो. दरवाजाच्या जागी गिलावा नाही, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून ५.०४ चौरस मीटर तो वजा करतो.

आपल्याकडे बांधकामाची मापे भारतीय मानक १२०० नुसार घेण्याची रूढी आहे. त्यातील गिलाव्याचा नियम वेगळा आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या लहान उघड्या जागेसाठी काहीही वजावट करावयाची नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंतच्या जागेसाठी केवळ एका बाजूची वजावट करावयाची. दुसऱ्या बाजूचे क्षेत्रफळ न वजा केल्यामुळे दरवाजाच्या कडांवरील गिलाव्याची भरपाई होते व तो निराळा मोजावा लागत नाही. ३ चौरस मीटरहून मोठ्या जागेसाठी दोन्ही बाजू वजा करून कडा स्वतंत्र मोजावयाच्या. या नियमाने आपल्या वॉर्डाच्या दरवाजाची वजावट २.५२ चौरस मीटरच होते. शस्त्रक्रियागृहाचा दरवाजा १.५ मीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ३.१५ चौरस मीटर होऊन त्याला तिसरा नियम लागतो.

एका दरवाजामागे २.५२ चौरस मीटरचा फरक, म्हणजे अशा १०० दरवाजांमागे २५२ चौरस मीटर गिलाव्याचा फरक. अंदाजपत्रक भूमितीने झाले आणि करारात भारतीय मानक १२०० लिहिलेले असेल, तर कंत्राटदाराचे देयक तेवढ्याने अधिक येईल. ते देयक करारानुसार अचूक असेल, प्रारूपही अचूक असेल, आणि तरीही देणगीदारांपुढे मांडलेला आकडा खोटा ठरेल. यात कोणी लबाडी केलेली नसते. दोघांनी एकाच वस्तूला दोन नियमांनी मोजलेले असते, इतकेच. म्हणून मोजमापाचा नियम प्रथम ठरवून तो अंदाजपत्रक-प्रणालीत बसविणे आवश्यक असते. चांगल्या प्रणालीत अशी सूत्रे लिहिण्याची सोय असते. ती लिहिण्यास मात्र कोणी तरी सांगावे लागते.

एका भिंतीच्या अनेक ओळी

प्रारूपात जी एक भिंत आहे, ती अंदाजपत्रकात एकच ओळ नसते. वीटकाम घनमीटरमध्ये, आतील गिलावा चौरस मीटरमध्ये, बाहेरील गिलावा वेगळ्या जाडीचा म्हणून वेगळ्या दराने, मग लांबी, रंग, तळाशी फरशीची पट्टी धावत्या मीटरमध्ये, असे तिचे अनेक भाग पडतात. कोणत्या भिंतीपासून कोणत्या बाबी निघाव्यात, हे प्रणालीला सांगावयाचे तर प्रत्येक प्रकारच्या भिंतीला ठरावीक नाव किंवा संकेतांक हवा.

जमाखर्चात आपण खात्यांची यादी आधी ठरवितो आणि मग नोंदी करतो. एका कारकुनाने 'औषध खरेदी', दुसऱ्याने 'औषधे' व तिसऱ्याने 'फार्मसी' असे लिहिले, तर वर्षअखेरीस एकच खर्च तीन ठिकाणी विखुरतो. प्रारूपातही एका आरेखकाने भिंतीस 'बाहेरची भिंत', दुसऱ्याने 'वीट २३०' व तिसऱ्याने काहीच नाव न देता ठेवले, तर अंदाजपत्रक-प्रणालीपुढे हाच गोंधळ उभा राहतो. निनावी भिंत एकूण बेरजेत अनेकदा येतच नाही, आणि पडद्यावर इमारत पूर्ण दिसत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. अमेरिकेत यासाठी मास्टरफॉरमॅट व युनिफॉरमॅट या संकेतांक-पद्धती आहेत, ब्रिटनमध्ये युनिक्लास आहे. आपल्याकडे दरसूचीतील बाब क्रमांक हाच सोयीचा संकेतांक ठरू शकतो. अट एवढीच, की आरेखन सुरू होण्यापूर्वी तो सर्वांनी मान्य केलेला असावा.

प्रारूपात नसलेला खर्च

इमारतीत शेवटी जे उरते, तेच बहुधा प्रारूपात रेखाटले जाते. बांधताना जे लागते आणि नंतर काढून टाकले जाते, ते त्यात दिसत नाही. परांची, शटरिंग, खोदाईच्या वेळी उपसावे लागणारे पाणी, जुने बांधकाम पाडून राडारोडा वाहून नेणे ही याची उदाहरणे होत. लोखंडी सळया पुष्कळदा प्रत्यक्ष रेखाटलेल्या नसतात; काँक्रीटच्या दर घनमीटरमागे इतके किलो, असा हिशेब धरला जातो.

रुग्णालयाच्या बाबतीत ही यादी वाढते. एक्स-रे कक्षाचा दरवाजा प्रारूपात दिसतो, त्यातील शिशाचा पत्रा दिसेलच असे नाही. भिंतीमागून जाणारी प्राणवायूची नलिका वास्तुविशारदाच्या प्रारूपात नसून दुसऱ्या सल्लागाराच्या प्रारूपात असते, आणि ती दोन प्रारूपे एकत्र केली नाहीत तर अंदाजातून ती सुटते. चालू रुग्णालयाला लागून बांधकाम करताना धूळ व आवाज रोखण्यासाठी उभारावयाचे तात्पुरते अडसर कोणत्याच प्रारूपात नसतात. अशा बाबींची स्वतंत्र यादी अनुभवी माणसाने हातानेच करावयाची असते. संगणकाने मापनाचा वेळ वाचविला, तर तो वेळ या यादीसाठी वापरणे हाच त्याचा सदुपयोग होय.

बदलांचा ताळमेळ

इमारतीचा आराखडा बदलतोच. डॉक्टरांच्या सूचना येतात, अग्निशमनाच्या अटी येतात. आयएफसी स्वरूपात प्रत्येक घटकाला २२ अक्षरांचा स्वतंत्र ओळख-संकेत असतो. प्रारूपाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की कोणते घटक नवे, कोणते वगळलेले व कोणते बदललेले, हे या संकेतावरून ओळखता येते. बँक पुस्तक आणि बँकेचा उतारा यांचा आपण दरमहा ताळमेळ घालतो, तसाच हा ताळमेळ होय. आरेखकाने मूळ भिंत सुधारण्याऐवजी ती पुसून नवी काढली, तर जुना संकेत नाहीसा होतो व तुलना बिघडते. म्हणजे येथेही शिस्त माणसांचीच लागते.

अन्यत्र काय घडले?

कॅलिफोर्नियातील उदाहरण रुग्णालयाचेच आहे. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर तेथे रुग्णालयांच्या इमारती भूकंपरोधक करण्याचा कायदा झाला. सटर हेल्थ या विनानफा संस्थेला कॅस्ट्रो व्हॅली येथील आपल्या जुन्या रुग्णालयाऐवजी १३० खाटांची नवी इमारत उभारावी लागली. मालक, वास्तुविशारद, कंत्राटदार व सल्लागार मिळून ११ पक्षांनी एकाच करारावर सह्या केल्या. सुमारे ३२ कोटी डॉलरची मर्यादा आधी ठरविण्यात आली आणि आराखडा त्या मर्यादेत बसविण्यात आला. त्यासाठी प्रारूपातून परिमाणे काढून खर्च पुन्हा पुन्हा पडताळण्यात येत असे. डिसेंबर २०१२ मध्ये ते रुग्णालय सुरू झाले. तेथे उपयोगी पडले ते एवढेच, की कोण, कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात देणार हे सर्वांनी मिळून आधी ठरविले होते.

आपल्या राज्यात नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात प्रारूपाला वेळापत्रक व खर्च जोडण्याची पद्धत वापरली गेली. लांबी, रुंदी व उंची या तीन मितींना काळ ही चौथी व खर्च ही पाचवी मिती जोडली जाते, म्हणून तिला पंचमिती पद्धत म्हणतात. मेट्रोचा व्याप आणि आपल्यासारख्या संस्थेचा व्याप यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि ज्या शिस्तीवर ती पद्धत उभी असते, ती लहान इमारतीलाही परवडणारी आहे.

संस्थेने काय मागावे?

या विवेचनाच्या आधारे नियोजित इमारतीच्या सल्लागारांशी करावयाच्या करारात पुढील बाबी असाव्यात, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळास केली आहे.

१. परिमाणे भारतीय मानक १२०० च्या नियमांनी काढली जातील व निविदा, अंदाजपत्रक आणि देयके या तिन्हींस तोच नियम लागू राहील.

२. प्रारूपातील प्रत्येक घटकास मान्य संकेतांक असेल; संकेतांक नसलेल्या घटकांची यादी प्रत्येक आवृत्तीसोबत दिली जाईल.

३. प्रत्येक टप्प्यावर प्रारूप मूळ स्वरूपात व परिमाणांसह आयएफसी स्वरूपात संस्थेच्या स्वाधीन केले जाईल. सल्लागार बदलला तरी माहिती संस्थेकडे राहावी, हा यामागील हेतू आहे.

४. प्रारूपात नसलेल्या बाबींची सूची व त्यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखविला जाईल.

५. प्रारूपातून आलेल्या परिमाणांपैकी काही निवडक परिमाणे नकाशावरून हाताने मोजून पडताळली जातील. लेखापरीक्षक काही पावत्या निवडून तपासतात, तशीच ही तपासणी असेल.

६. दोन आवृत्त्यांमधील खर्चाचा फरक परिमाणामुळे किती व दरामुळे किती, हे वेगळे दाखविले जाईल.

यातील सहावी बाब देणगीदारांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटते. खर्च वाढला एवढेच ऐकून मनात शंका राहते. सिमेंटचा दर वाढल्यामुळे इतका आणि अतिदक्षता विभागाचे क्षेत्र वाढविल्यामुळे इतका, असे सांगितले की त्याच वाढीचा हिशेब होतो आणि त्यावर प्रश्नही विचारता येतात.

इमारत पूर्ण झाल्यावरही ही माहिती वाया जात नाही. कोणत्या कक्षात कोणते यंत्र, दरवाजा, पंप किंवा दिवा बसविला आहे, याची नोंद प्रारूपातून जडसंग्रह नोंदवहीत उतरविता येते आणि पुढे देखभालीच्या वार्षिक करारांसाठी तिचा उपयोग होतो. इमारत उभारण्यास दोन-तीन वर्षे लागतात; ती चालवावयाची अनेक दशके असते.

नवी प्रणाली घेतली म्हणजे खर्चाचा आकडा आपोआप खरा होतो, असा आमचा दावा नाही. भिंत कोणत्या नावाने ओळखावयाची, ती कशी मोजावयाची आणि बदलाची नोंद कोणी ठेवावयाची, याबाबत लेखी एकवाक्यता असेल, तरच एका प्रणालीतील अंक दुसरीत अर्थासह पोहोचतो. ती एकवाक्यता मागण्याचा अधिकार व कर्तव्य मालक म्हणून संस्थेचे आहे. आपण विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा माग प्रारूपातील घटकापर्यंत दाखविता यावा, या दिशेने आमचा प्रयत्न राहील. नियोजित इमारतीचे अंदाजपत्रक विश्वस्त मंडळापुढे येईल, तेव्हा वरील सहा कसोट्या त्यास लावून पाहाव्यात व आपल्या शंका कार्यालयाकडे अवश्य कळवाव्यात, ही नम्र विनंती.



रुग्णालय प्रशासन